तास्कोचं झाड, पुण्याची रात्र

मेक्सिकोतलं तास्को हे चांदीच्या खाणींचं डोंगरी गाव आणि आपलं पुणे, ही दोन्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, साडेअठरा अंशांवर. तिकडेही पाऊस जूनमध्ये धरतो आणि ऑक्टोबरात आवरतो. मग कोरडा, लख्ख उन्हाचा हिवाळा येतो आणि डोंगरउतारांवरच्या पानगळीच्या जंगलात पॉइन्सेटियाची उंच, शिडशिडीत झुडपं लाल होतात. त्यामुळे ‘हे थंड देशातलं झाड, आपल्याकडे टिकायचं नाही’ असं कोणी म्हणालं, की मी आधी अक्षांश सांगते. बर्फ, सांताक्लॉज आणि पॉइन्सेटिया आपण शुभेच्छापत्रांवर एकत्र पाहत आलो आहोत. प्रत्यक्षात पाणी गोठवणारी थंडी या झाडाला सोसत नाही.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. निवृत्त झाल्यावर आमच्या सोसायटीची बाग माझ्याकडे आली. त्या बागेत कुंपणाच्या भिंतीला लागून एक पॉइन्सेटिया आहे, पहिल्या मजल्याच्या खिडकीला टेकलेला. कोणीतरी नाताळानंतर कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवून दिलेली कुंडी होती ती. अशा कुंड्या दर जानेवारीत दिसतात. डिसेंबरच्या सुरुवातीला सोलापूर रस्त्यावरच्या रोपवाटिकांमधून लालभडक रोपं शहरात येतात, दोन-तीन आठवडे कार्यालयांच्या दारात आणि दिवाणखान्यांत मिरवतात, पानं गळू लागली की घंटागाडीत जातात. एका रोपवाटिकेतल्या मुलाने मला समजावलं होतं, “मॅडम, हे सीझनचं झाड आहे, झेंडूगत. सीझन संपला की संपलं.” झेंडू बी धरतो आणि मरतो, त्याचं आयुष्यच तेवढं. पॉइन्सेटिया मात्र बहुवर्षायू झुडूप आहे. जमीन मिळाली तर आपल्या हवेत वर्षानुवर्षं जगतं आणि दर हिवाळ्यात रंगतं. महाबळेश्वर-पाचगणीकडच्या जुन्या बंगल्यांच्या आवारात पाहा, माणसापेक्षा उंच झुडपं दिसतील. एका सणापुरतं वापरून फेकण्याजोगं हे झाड नाही, एवढंच मला लोकांना पटवायचं आहे, आणि त्यासाठी त्याच्याबद्दलच्या काही समजुती दूर कराव्या लागतील.

पहिली समजूत फुलाबद्दलची. लाल दिसतं ते फूल नाही. ती फुलोऱ्याखालची रंगीत पानं आहेत. वनस्पतिशास्त्रात त्यांना छद म्हणतात. बोगनवेलीचा रंगही छदांचाच. पॉइन्सेटियाची खरी फुलं पाहायची तर त्या लाल चक्राच्या अगदी मधोमध पाहा. तिथे वाटाण्याहून लहान, हिरव्या-पिवळ्या वाट्यांचा झुबका असतो. एकेका वाटीत अनेक नरफुलं दाटीवाटीने बसलेली असतात, आणि एक नरफूल म्हणजे फक्त एक पुंकेसर, बाकी काही नाही. त्यांच्या मधे एकच मादीफूल, तेही नुसता देठावरचा बीजांडकोश. पाकळ्या कुणालाच नाहीत. वाटीच्या कडेला पिवळ्या ओठांसारखी मधुग्रंथी असते, तिच्यात मध साठतो. पाकळ्यांचं काम त्या लाल पानांनी उचललेलं असतं. मी वर्गात ही वाटी ब्लेडने उभी चिरून भिंगाखाली ठेवायचे. मग फरसबंदीच्या फटीत उगवणारी दुधी उपटून आणायचे आणि तिची टाचणीच्या टोकाएवढी वाटी शेजारी ठेवायचे. तीच रचना, तेच कुळ. शेताच्या बांधावरचा शेरही याच घराण्यातला. एवढ्या वेगवेगळ्या दिसणाऱ्या झाडांची वाटी मात्र एक, हे पाहताना मुलं गप्प व्हायची, आणि शिकवण्याच्या कामातले ते क्षण मला आजही मोलाचे वाटतात.

या वाट्यांचा खरेदीच्या वेळी उपयोग होतो. कुंडी घेताना लाली पाहू नका, मधल्या वाट्या पाहा. त्या घट्ट मिटलेल्या असतील तर रोप ताजं आहे, रंग बरेच आठवडे टिकेल. पिवळे पराग सांडलेले असतील, वाट्या गळायला लागल्या असतील, तर त्या रोपाचा बहर सरत आला आहे. आणि निळ्या किंवा चमकी लावलेल्या पॉइन्सेटियाला कुठली वेगळी जात समजून जास्त पैसे देऊ नका. तो फवारलेला रंग असतो. झाडाचे स्वतःचे रंग लाल, गुलाबी, पांढरट, पिवळसर आणि या सगळ्यांचे शिंतोडे उडालेले.

आता रंग चढण्याचं कारण. थंडी पडली की झाड लाल होतं, असं बहुतेक जण धरून चालतात. थंडीचा वाटा आहे, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा. ठरवते ती रात्रीची लांबी. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं, की कित्येक वनस्पती दिवसाच्या लांबीवरून ऋतू ओळखतात. पुढे कळलं की वनस्पती खरं तर अंधार मोजते. पानांत एक रंगद्रव्य असतं, फायटोक्रोम. उजेडात त्याचं रूप एक, अंधारात ते हळूहळू दुसऱ्या रूपात जातं. सलग अंधार पुरेसा लांबला, की शेंड्यांना संदेश जातो: आता पानं पुरे, फुलोऱ्याची तयारी करा. पॉइन्सेटियाला त्यासाठी साधारण बारा तासांची अखंड रात्र लागते. आपल्याकडची शेवंती अशीच. म्हणून पॉलिहाउसमध्ये शेवंती लावणारे शेतकरी बहर लांबवायचा असेल तेव्हा रात्री दिवे लावतात. आपली गावरान तूरही रात्र वाढल्यावरच फुलावर येते.

पुण्यात २१ जूनचा दिवस सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरच्या अखेरीस तो अकरा तासांवर येतो. सप्टेंबर संपता संपता रात्र दिवसाला गाठते आणि पुढे जाते. नेमक्या त्याच सुमाराला आपल्या पॉइन्सेटियाच्या शेंड्यांत फुलोऱ्याचा अंकुर धरतो. तिथून पुरा रंग चढायला आठ-दहा आठवडे लागतात, म्हणजे डिसेंबर उजाडतो. तास्कोतही हाच हिशोब, कारण सूर्य दोन्हीकडे सारखाच उगवतो-मावळतो. थंडीचा संबंध येतो तो इथे: ऑक्टोबरातल्या रात्री फार उबदार राहिल्या तर फुलोरा धरायला उशीर होतो. मुंबईत आणि कोकणपट्टीत म्हणूनच रंग मागे पडतो. डिसेंबरात झाड हिरवं दिसलं तर निराश होऊ नका, जानेवारीपर्यंत थांबा.

अखंड रात्र म्हणजे काय, हे आमच्या सोसायटीला झाडानेच शिकवलं. फाटकावर रात्रभर चालणारा प्रखर दिवा बसवला, त्या वर्षीची गोष्ट. डिसेंबर आला तेव्हा झाडाची भिंतीकडची बाजू लालबुंद झाली होती आणि दिव्याकडची बाजू हिरवीगार होती. बुंधा एक, मुळं एक, खतपाणी एक. दिव्याच्या उजेडात उभ्या असलेल्या फांद्यांसाठी त्या वर्षी रात्र उगवलीच नव्हती. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, की हे दोन झाडांचं कलम आहे का. मी सोसायटीच्या बैठकीत सगळं समजावून सांगितलं. सेक्रेटरींनी दिव्याला बागेच्या बाजूने पत्र्याची झापड बसवून घेतली, आणि पुढच्या हिवाळ्यात झाड सगळीकडून रंगलं. फाटकही उजेडात राहिलं. रात्रीचा उजेड झाडांच्या आयुष्यात किती ढवळाढवळ करतो, हे दाखवायला मला याहून चांगलं प्रात्यक्षिक आजवर मिळालेलं नाही. रस्त्यावरच्या दिव्यांखाली उभ्या असलेल्या शहरातल्या सगळ्याच झाडांबद्दल आपण हा विचार करायला हवा.

परदेशी पुस्तकांत वाचून काही जण पॉइन्सेटियावर रोज संध्याकाळी खोका उपडा घालतात. तो सल्ला खोटा नाही, पण तो घरात दिव्यांच्या उजेडात वाढणाऱ्या कुंड्यांसाठी आहे. झाड जमिनीत आहे, किंवा गच्चीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आहे, तर आपल्याकडे काहीही झाकायची गरज नाही. निसर्ग ते काम करतो. फ्लॅटच्या बाल्कनीत मात्र मागच्या खोलीतला दिवा रात्री अकरापर्यंत कुंडीवर पडत असतो. तिथे सप्टेंबरच्या अखेरीपासून संध्याकाळी सहाला खोका किंवा जाड काळं कापड घालायचं आणि सकाळी आठला काढायचं, शेंड्यांची पानं नीट लाल होईपर्यंत. मध्येच रात्री दिवा लावून ‘झालं का लाल’ असं पाहायचं नाही. दिवसा त्याला भरपूर ऊन हवं, कारण रंग घडवायला लागणारी साखर उन्हातच तयार होते.

झाडाचं नाव जोएल रॉबर्ट्स पॉइन्सेट या माणसावरून पडलं. तो अमेरिकेचा मेक्सिकोतला पहिला राजदूत. १८२५ मध्ये तिथे गेला. वैद्यकाचं थोडं शिक्षण झालेलं, वनस्पतींची मनापासून आवड. १८२८ च्या सुमारास त्याने ही झुडपं आपल्या साउथ कॅरोलायनातल्या काचघरांकडे आणि ओळखीच्या उद्यानप्रेमींकडे पाठवली. १८२९ मध्ये फिलाडेल्फियाच्या पुष्पप्रदर्शनात ती लोकांनी पहिल्यांदा पाहिली. अमेरिकेत १२ डिसेंबर हा पॉइन्सेटियाचा दिवस मानतात, ती पॉइन्सेटची पुण्यतिथी. तो १८५१ मध्ये वारला. पण त्याच्या चरित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मेक्सिकोच्या राजकारणात त्याने इतका हस्तक्षेप केला, की तिथल्या सरकारला त्याला परत बोलावण्याची मागणी करावी लागली. पुढे १८३७ ते १८४१ या काळात तो अमेरिकेचा युद्धमंत्री होता आणि चेरोकी लोकांना त्यांच्या भूमीवरून हुसकावण्याचं काम त्याच्या कारकिर्दीत झालं. तो गुलामही बाळगत होता. त्याच्या आधी कितीतरी शतकं नाहुआत्ल बोलणारे लोक हे झाड ‘कुएत्लाशोचित्ल’ म्हणून ओळखत होते, त्याच्या लाल पानांपासून रंग काढत होते, चीक औषधात वापरत होते. सतराव्या शतकात तास्कोच्या आसपासच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी ऐन नाताळात रंगणारी ही झुडपं ख्रिस्तजन्माच्या मिरवणुकीत आणली, आणि मेक्सिकोत ती नाताळच्या रात्रीची फुलं झाली. देवाला द्यायला काही नसलेल्या गरीब मुलीने रस्त्याकडेचं तण वाहिलं आणि त्याची लाल फुलं झाली, ही तिथली लोककथाही त्याच परंपरेतली. शोधाचं श्रेय द्यायचं तर मी ते तास्कोच्या त्या लोकांना देईन.

रानातलं झुडूप कुंडीत कसं बसलं, ही कथा मला राजदूताच्या कथेपेक्षा जास्त आवडते. जर्मनीहून आलेलं एके नावाचं कुटुंब विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या परिसरात हॉलिवूडच्या रस्त्यांवर पॉइन्सेटियाच्या कापलेल्या फांद्या विकत असे. १९२३ मध्ये त्यांनी दक्षिणेला एन्सिनितास इथे शेती हलवली. पुढे याच कुटुंबातल्या पॉल एके (धाकटे) यांनी नाताळच्या हंगामात दूरचित्रवाणीच्या स्टुडिओंना रोपं फुकट पाठवली. घराघरांतल्या पडद्यावर लाल कुंड्या दिसू लागल्या आणि नाताळला पॉइन्सेटिया हवाच, अशी चाल अमेरिकेत पडली. पण त्यांचं खरं बळ वेगळंच होतं. त्यांची रोपं डेरेदार व्हायची, एका बुडातून अनेक फांद्या आणि प्रत्येक फांदीला लाल चक्र. इतरांची रोपं मात्र रानातल्यासारखी सरळसोट वर जायची. हे कसं साधतं, हे दुसऱ्या उत्पादकांना कळत नव्हतं. एके कुटुंब डेरेदार रोपाचं सरळ वाढणाऱ्या रोपावर कलम करायचं. काही दिवसांत सरळ रोपही फांद्या फोडू लागायचं. १९९० च्या सुमारास ही युक्ती विद्यापीठातल्या संशोधनातून बाहेर आली.

कलमातून नक्की काय जात होतं, ते १९९७ मध्ये सिद्ध झालं. फायटोप्लाझ्मा. भिंत नसलेला जिवाणू, झाडाच्या अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांत राहणारा. तुडतुड्यांमार्फत वांग्यात शिरणारा असाच एक फायटोप्लाझ्मा पर्णगुच्छ रोग आणतो: शेंडा बारीक पानांनी गच्च होतो, वांगी धरत नाहीत, शेतकऱ्याला झाड उपटावं लागतं. त्याच कुळातल्या जिवाणूने पॉइन्सेटियात शेंड्याचा वरचष्मा मोडला, बगलेतल्या डोळ्यांना फुटायची मोकळीक दिली, आणि जगभरातल्या नाताळच्या कुंड्या डेरेदार केल्या. बाजारातली जवळजवळ प्रत्येक कुंडी या अर्थाने आजारी आहे आणि त्या आजारामुळेच देखणी आहे. रोग म्हणजे नेहमी नुकसान, असं आम्ही विद्यार्थ्यांना सहज सांगून जातो. त्या विधानाला हे झाड मोठा अपवाद आहे. फांदी कापून लावली की जिवाणूही नव्या रोपात जातो, म्हणून घरी केलेली रोपंही डेरेदार निघतात.

मग दुसऱ्या वर्षी झाड उंच का होतं? ‘जात बिघडली’ म्हणून लोक तक्रार करतात. जात बिघडलेली नसते. रोपवाटिकेत खोड आखूड राहावं म्हणून वाढरोधक औषध फवारलेलं असतं. त्याचा अंमल ओसरला, की झाड आपल्या मूळ उंचीकडे निघतं. नको असेल तर छाटणी आणि शेंडाखुडणी हा त्यावर उपाय.

सगळ्यांत घट्ट समजूत विषाची. ‘घरात लहान मूल आहे, हे झाड नको, एक पान खाल्लं तरी जीव जातो,’ हे मी सुशिक्षित घरांतही ऐकते. तिचा उगम १९१९ च्या हवाईतल्या एका गोष्टीत आहे. तिथल्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याचं दोन वर्षांचं मूल पॉइन्सेटियाचं पान खाऊन दगावलं, असं छापून आलं. नंतर ती ऐकीव गोष्ट असल्याचं निष्पन्न झालं, पण तोवर ती पुस्तकांत शिरली होती आणि एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत राहिली. पुढे ओहायो राज्य विद्यापीठात प्रयोगशाळेतल्या उंदरांना या झाडाचे भाग मोठ्या प्रमाणात खाऊ घालून पाहिले. विषबाधेची लक्षणं दिसली नाहीत. त्या मात्रेच्या हिशोबाने सुमारे २२ किलो वजनाच्या मुलाला पाचशेहून जास्त पानं खावी लागतील, आणि चव इतकी कडवट की पहिलंच पान थुंकलं जातं. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे आलेल्या २२,७९३ नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत बहुतेक लहान मुलं होती. मृत्यू एकही नाही. ९२ टक्क्यांहून अधिक जणांना काहीही त्रास झाला नव्हता.

याचा अर्थ पानांची भाजी करा, असा नाही. चिकाने काहींच्या त्वचेला खाज सुटते, लाली येते. डोळ्यात गेला तर आग होते. भरपूर पाण्याने डोळा धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. रबरी वस्तूंची ॲलर्जी असणाऱ्यांनी जास्त जपावं, कारण रबराचं झाडही याच मोठ्या कुळातलं. मांजर-कुत्र्याने पान चावलं तर लाळ गळते, एखादी उलटी होते. एवढंच. मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच झाडांची. पिवळ्या कण्हेरीची बी हृदय बंद पाडू शकते, आणि ती आपण देवपूजेला फुलं हवीत म्हणून दारातच लावतो. मोगली एरंडाच्या बिया खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा येतात. गुंज, धोतरा ही आणखी दोन. मुलांना ओळखायला शिकवायचंच तर ही झाडं शिकवा.

माझ्या सासूबाई वाईच्या. चीक येणारं झाड उंबऱ्यासमोर नको, घरात कटकटी होतात, असं त्या मानायच्या. वास्तूच्या पुस्तकांतही हे छापलेलं असतं. कटकटींचा आणि चिकाचा संबंध नाही. रुईला तर चीकच चीक, आणि तिच्या पानांचा हार आपण शनिवारी मारुतीला घालतो. पण सासूबाईंच्या म्हणण्यात एक अनुभव दडलेला होता. जुन्या घरांत कुंपणाला शेर आणि निवडुंग असायचे. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. जिथे मुलं रांगतात तिथे असं झाड नको, हे कोणा शहाण्या बाईने कधीतरी ठरवलं असेल. म्हणून मी तो नियम सोडला नाही, त्याचं कारण तेवढं बदललं. आमचा पॉइन्सेटियाही भिंतीकडे आहे, मुलांच्या खेळण्यापासून लांब.

आता वर्षभराचं काम. कुंडी घरी आणल्या दिवशी तिच्याभोवतीचा चकचकीत कागद काढून टाका. त्यात पाणी साठतं आणि मुळं कुजतात. फेकलेल्या बहुतेक कुंड्या तहानेने नव्हे, याच साठलेल्या पाण्याने मेलेल्या असतात. वरची माती बोटाला कोरडी लागली की पाणी द्या, आणि खालून निथळू द्या. सकाळचं ऊन हवंच. एसीचा झोत नको.

फेब्रुवारी-मार्चमध्ये रंग उतरला, की छाटणी. जमिनीतलं झुडूप निम्म्याने, कुंडीतलं रोप चार-सहा बोटं खोड आणि त्यावर काही डोळे ठेवून. हातमोजे घाला. चीक वाहील, कापलेल्या जागी पाण्याचा फवारा मारला की थांबतो. छाटलेल्या जाड फांद्या टाकू नका. वीतभर तुकडे करा, चीक सुकू द्या आणि वाळू-कोकोपीटच्या ओलसर मिश्रणात सावलीत खोचा. एप्रिल-मेमध्ये पानं गळतील. मेलं समजू नका. कोरड्या ऋतूत पानं गाळणं हा रानातला त्याचा स्वभाव आहे. नखाने साल खरवडून पाहा, आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. पाणी कमी करा, बंद करू नका.

पहिल्या पावसाआधी कुंडी बदला: पोयटा माती, चांगलं कुजलेलं शेणखत, थोडी वाळू. तळाला विटांचे तुकडे. नवे धुमारे जोमाने येतील. प्रत्येकाला सहा-सात पानं झाली की शेंडा खुडा, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतील. कोवळ्या शेंड्यांची छाट कलमं करायची तर जून-जुलैमध्ये करा. गणपतीच्या सुमाराला शेवटची खुडणी. नवरात्रात झाडाला कात्री लावायची नाही, कारण त्या दिवसांत शेंड्यांत फुलोरा धरत असतो, आणि तो कापला तर त्या वर्षीचा रंग गेला.

किडींमध्ये पांढऱ्या माशीकडे लक्ष द्या. पान हलवलं की खालून पांढरी धूळ उडाल्यासारखी उडते, ती. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात पॉइन्सेटियावर तिचा मोठा उद्रेक झाला आणि पुढे ती भाजीपाल्यावर, कापसावर पसरली. आपल्याकडे भेंडीवर हळद्या रोग पसरवते ती पांढरी माशीच. म्हणून भाजीच्या वाफ्याला लागून पॉइन्सेटिया लावू नका. पानांची खालची बाजू आठवड्यातून एकदा पाहा, पिवळे चिकट सापळे लावा, निंबोळी अर्क फवारा. पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसून काढा. एवढ्यावर घरचं झाड निभावून जातं.

येत्या जानेवारीत कचऱ्याच्या डब्याशेजारी अशी कुंडी दिसली तर उचला. कागद काढा, खोडाची साल खरवडून पाहा आणि आत हिरवं दिसलं तर उन्हाची पण रात्री दिवा न पोचणारी जागा पाहून जमिनीत लावा. घरी जागा नसेल तर जवळच्या शाळेला, चर्चला किंवा सोसायटीला विचारा. कुंपणालगत हातभर जमीन मिळाली तरी तेवढी पुरेल.